गळावरचा रानकोंबडा

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. शेजारच्या आजी दारात उभ्या होत्या. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी पडत होतं आणि त्यांच्या हातात पत्र्याचा एक काळा डबा होता, आपल्याकडच्या पानाच्या डब्याएवढा. त्यांना मी ‘आजी’ म्हणतो ते मनातल्या मनात. इथे स्कॉटलंडमध्ये शहाऐंशी वर्षांच्या बाईलाही नावानेच हाक मारतात. चौदा वर्षं झाली, माझी जीभ अजून वळत नाही.

मी केल्सो नावाच्या गावात राहतो. ट्वीड नदीच्या काठी. धंद्याने मी दातांचा तंत्रज्ञ आहे. म्हणजे दंतवैद्य साचा पाठवतात आणि मी कवळ्या, कॅप, ब्रिज बनवतो. आजींचा खालचा ब्रिज मीच बनवलाय. त्यामुळे बारीक चिमटे, भिंग आणि न थरथरणारा हात माझ्याकडे आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी डबा टेबलावर ठेवून उघडला. पहिल्यांदा आला तो डांबरगोळ्यांचा वास. मग दिसले सतरा गळ आणि प्रत्येक गळाला बांधलेली रंगीत पिसं. लाल, पिवळी, निळी, काळी. काही अख्खी, काहींना कसर लागलेली, काहींचा नुसता काडीसारखा दांडा उरलेला.

“माझ्या नवऱ्याच्या आजोबांनी बांधल्यात,” त्या म्हणाल्या. “मे महिन्यात मी वृद्धाश्रमात जाणार. तिथे मला एक भिंत मिळणार आहे. एकच चौकट लावता येईल. यातल्या चांगल्या निवडून पहिल्यासारख्या करून देशील?”

मी हो म्हणालो. ‘पहिल्यासारख्या’ या शब्दात किती काय दडलंय, ते तेव्हा कळलं नव्हतं.

खोटी माशी

आपल्याकडे गळ म्हटलं की गांडूळ, कणकेची गोळी, नाहीतर कोळंबी. इथल्या नद्यांवर एक वेगळाच प्रकार चालतो. गळाला पिसं, रेशीम, लोकर, जरीची तार गुंडाळून एक खोटा किडा बनवायचा. त्याला म्हणतात फ्लाय. फ्लायला वजन नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. वजन असतं ते जाड दोरीला. काठीच्या झटक्याने ती दोरी हवेत उलगडत जाते आणि तिच्या टोकाची फ्लाय पाण्यावर अलगद टेकते.

ही युक्ती फार जुनी आहे. एलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, तिच्यावर कोंबड्याच्या मानेची दोन पिसं बांधतात आणि नदीतले ठिपक्यांचे मासे धरतात. कोंबड्याची मान. हे लक्षात ठेवा, आपल्याला तिच्याकडेच परत यायचंय.

इंग्रजीत मासेमारीवरचं पहिलं छापील लेखन १४९६चं. त्यात बारा फ्लाय सांगितल्या आहेत, सगळ्या साध्या. आसपास मिळणारी लोकर आणि आसपास मिळणारी पिसं. पुढची साडेतीनशे वर्षं थोड्याफार फरकाने असंच चाललं. फ्लाय बांधणारा माणूस आपल्या खुराड्याच्या आणि शेताच्या पलीकडे फारसा जात नव्हता.

मग व्हिक्टोरिया राणीचा काळ आला आणि सगळं बदललं.

एका गळावर चार खंड

आजींच्या डब्यातली सगळ्यात मोठी फ्लाय जवळजवळ माझ्या करंगळीएवढी होती. स्थानिक संग्रहालयातल्या एका निवृत्त गृहस्थांना मी तिचा फोटो दाखवला. एका सेकंदात ते म्हणाले, “जॉक स्कॉट.”

जॉक स्कॉट हे माणसाचंही नाव आणि फ्लायचंही. लॉर्ड जॉन स्कॉट नावाचे एक उमराव मेकर्सटन इथलं ट्वीडचं पाणी मासेमारीसाठी राखून होते. मेकर्सटन आमच्या गावापासून काही मैलांवर आहे. त्यांच्या पदरी असलेला जॉक स्कॉट हा माणूस. १८५०च्या आसपास त्याने ही फ्लाय बांधली. नॉर्वेला जाणाऱ्या बोटीवर बांधली, अशी आख्यायिका आहे. जगात आज सॅमनची एकच जुनी फ्लाय ओळखता येणारा माणूस भेटला, तर ती बहुतेक हीच असते.

१८९५ साली जॉर्ज केल्सन यांनी ‘द सॅमन फ्लाय’ हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात जॉक स्कॉटची कृती आहे, आपल्या रुचिराच्या थाटात. शेपटीला चीनच्या सोनेरी फेझंटचा तुरा. त्याच्या बुडाशी शहामृगाच्या काळ्या पिसाचं वेटोळं. अंगाचा मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा आणि त्यावर टूकनच्या छातीची पिसं. पुढचा अर्धा काळ्या रेशमाचा, त्यावर चंदेरी तार. गळ्याला गिनीफाउलची ठिपकेदार पिसं. पंखांत टर्की, बस्टर्ड म्हणजे आपल्या माळढोकाचे भाऊबंद, मोर, निळा आणि पिवळा रंगवलेला हंस, मकाव पोपट. गालावर निळा चॅटरर. आणि बाजूला जंगल कॉक.

नकाशा काढून बघितलं तर दक्षिण अमेरिका, उत्तर अमेरिका, आफ्रिका, आशिया. चार खंडांतले पक्षी एका इंचभर लोखंडावर. लोखंडाचा गळ बहुधा रेडिचचा, सुया आणि गळ बनवणारं इंग्लंडमधलं गाव. गळाला दोरी अडकवायला जे कडं असे, ते स्पेनच्या मुर्सियातून येणाऱ्या ‘गट’चं. रेशमाचा किडा कोश विणायला बसणार त्याच्या जरा आधी त्याला व्हिनेगरमध्ये मारायचं आणि त्याच्या पोटातली रेशमाची पिशवी ताणून एक तंतू काढायचा. तो म्हणजे गट.

शेपटीत तांबड्या-केशरी पिसांचा एक झुपका होता. कृतीत त्याचं नाव ‘इंडियन क्रो’. मला आनंद झाला, चला, आपला कावळा! पण हा कावळाही नाही आणि भारताचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतला फळं खाणारा एक पक्षी. व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘इंडियन’चा अर्थ लांबून आलेलं, इतकाच.

आईने ओळखलं

जॉक स्कॉटच्या एका बाजूला एक छोटं पीस होतं. काळसर, त्यावर पांढरा आणि मधाच्या रंगाचा चकचकीत ठिपका. पिसासारखं ते दिसतच नव्हतं. मेण गाळून ठेवावं किंवा मीना केलेला असावा, तसं. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी भिंगातून काढलेला फोटो तिला दाखवला.

ती चष्मा शोधायला गेली, परत आली, स्क्रीन नाकाशी धरली आणि म्हणाली, “अरे, हे तर रानकोंबड्याच्या मानेचं. तुझ्याकडं कुठनं आलं?”

आईचं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचो तेव्हा पहाटे झाडीतून एक फाटक्या गळ्याची बांग ऐकू यायची. गावातला कोंबडा लांब सूर लावतो, हा तुकड्यातुकड्यात ओरडतो. तो राखी रानकोंबडा. पश्चिम आणि दक्षिण भारत सोडून जगात दुसरीकडे कुठेही तो मुळचा नाही. केल्सनच्या पुस्तकातला ‘जंगल कॉक’ म्हणजे हाच. इंडियन क्रो भारतातला निघाला नाही, पण ज्याच्या नावात भारत नाही तो निघाला आपल्या डोंगरातला.

याचं शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी, पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून. सोनेराला वाटलं होतं की जगभरातल्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष हाच. तो चुकला, मूळपुरुष लाल रानकोंबडा. पण २००८ साली स्वीडनच्या संशोधकांना असं दिसलं की पाळीव कोंबडीचे पिवळे पाय ज्या जनुकामुळे होतात, ते तिला राखी रानकोंबड्याकडून मिळालेलं आहे. म्हणजे सोनेरा अगदीच चुकला नव्हता.

मानेच्या त्या पिसाचं वैशिष्ट्य असं की टोकाला त्याचे तंतू सुटे राहत नाहीत. ते एकत्र येऊन एक सपाट, कडक, चमकदार पापुद्रा होतो. पाण्यात भिजला तरी त्याची चकाकी जात नाही. फ्लाय बांधणाऱ्याला माशाचा डोळा दाखवायचा असतो आणि तो डोळा निसर्गाने कोयनेत तयार करून ठेवलेला. जुन्या सॅमन फ्लायच्या कृती वाचत गेलात तर बाकीचे पक्षी येतात-जातात, पण जंगल कॉक पानोपानी भेटतो.

आई बोलत होती. “आमच्या लहानपणी तुझा थोरला मामा फासे लावायचा. मटण घरात. मानेचं कातडं मात्र वाळवून ठेवायचा. एक माणूस यायचा खालनं, तो घेऊन जायचा. कोंबड्यापरीस मानेला जास्त पैसे द्यायचा. आम्हाला वाटायचं, शहरातल्या बायका टोपीला लावत असतील.”

मी आजींच्या डब्याकडे बघितलं. हा डबा मामाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. यातली पिसं मामाची नाहीत. पण अशीच कुणा मामाची असणार.

मासा खातच नाही

आता यातली खरी गंमत ऐका. सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला परत नदीत येतो. आणि एकदा नदीत शिरला की तो खाणं थांबवतो. पोट आकसतं. अंगावरच्या चरबीवर महिनोन्‌महिने काढतो. म्हणजे ज्या माशासाठी चार खंडांतले पक्षी गोळा केले, त्याला भूकच नसते. तो फ्लायला तोंड का लावतो यावर आजही वाद चालतात. चिडून, सवयीने, की जुन्या आठवणीने. पण विशिष्ट पक्ष्याचं विशिष्ट पीस बघून नाही, एवढं नक्की.

केल्सन यांना हे मान्य नव्हतं. कोणत्या पाण्यात, कोणत्या उजेडात कोणती फ्लाय, याची त्यांनी बारीक शास्त्रं केली. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी नदीवर आर्थर वुड नावाच्या गृहस्थांनी लहान, विरळ, जवळजवळ उघड्या फ्लाय वापरून ढिगाने सॅमन पकडले आणि त्या शास्त्राचा पाया ढासळला. पुढे पिसांच्या जागी केस आले. कुत्र्याचे, खारीचे, हरणाच्या शेपटीचे. मासे येतच राहिले.

मग ती पिसं कुणासाठी होती? माणसासाठी. श्रीमंत माणसाच्या डबीसाठी, दुकानाच्या काचेसाठी. त्याच काळात लंडनमध्ये पिसांचे लिलाव होत. मुख्य गिऱ्हाईक होती बायकांच्या टोप्यांची बाजारपेठ. पक्षी मारून टोप्या सजवण्याविरुद्ध १८८९ साली मँचेस्टरमध्ये एमिली विल्यमसन यांनी ज्या बायका एकत्र केल्या, त्यांच्यातूनच पुढे ब्रिटनची पक्षी-संरक्षणाची मोठी संस्था उभी राहिली. हिंदुस्थानातून पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर न्यायला १९०२ साली बंदी आली. ब्रिटनने पिसांच्या आयातीवरचा कायदा केला तो १९२१मध्ये. आणि भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर रानकोंबड्याला खऱ्या अर्थाने आडोसा मिळाला. १९८५ साली आईच्या माहेरचं रान कोयना अभयारण्यात गेलं. मामाचे फासे त्याच्या आधीच माळ्यावर पडले होते.

मी मोडलेली फ्लाय

आता माझ्या कामाबद्दल. एक चूक कबूल करूनच सुरू करतो.

सतरा फ्लायपैकी सात निवडल्या. पहिलीच हातात घेतली. तिचं गटचं कडं चेपलेलं होतं. ते गोल दिसावं म्हणून मी चिमट्याने हलकेच उघडलं. हलकेच. आणि ते मोडलं. एवढासा आवाज झाला, नख मोडल्यासारखा. सव्वाशे वर्षं टिकलेली वस्तू माझ्या टेबलावर, माझ्या हातून मोडली.

नंतर कळलं की गट कोरडा असताना काचेसारखा असतो. जुने मच्छीमार तो आधी पाण्यात भिजवून नरम करायचे, मगच वाकवायचे. ते माहिती करून न घेता मी हात घातला होता. दाताच्या कामात मोडलं तर दुसरं बनवतो, ही माझी सवय. इथे ती सवय काही कामाची नव्हती.

आठवडाभर मी डबा उघडला नाही. फक्त वाचलं, विचारलं. मग कामाचा क्रम लागला.

पहिलं काम कसरीचं. कसरीच्या अळीला केराटिन पचतं, म्हणजे पीस, लोकर, केस. डब्यात एखादं जिवंत अंडं असलं तरी चौकटीच्या आत मेजवानी सुरू होणार. म्हणून फ्लाय प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या उबेला येऊ द्यायची. नाहीतर दव धरून गळ गंजतो. हातात मोजे घालायचे, कारण जुनी कातडी टिकवायला आर्सेनिक वापरत आणि त्याचा अंश पिसांवर राहिलेला असू शकतो.

दुसरं काम धुळीचं. मऊ ब्रश, पिसाच्या दिशेनेच. तिसरं, वाफ. दाबून वाकड्या झालेल्या पिसाला किटलीच्या वाफेत काही क्षण धरलं की ते आपोआप आपल्या मूळ वळणावर जातं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. मेलेल्या पिसाला आपलं वळण आठवतं. पण गटचं कडं मात्र त्या वाफेपासून लांब ठेवायचं.

चौथं, गंज. सुटा गंज बांबूच्या काडीने काढायचा, खालचं काळं लोखंड चकचकीत करायच्या नादाला लागायचं नाही. वर मेणाचा पातळ हात. आणि फाटलेल्या पिसाला मागून जपानी कागदाची बारीक पट्टी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवलेली. खळच का? कारण उद्या कुणाला माझं काम चुकीचं वाटलं तर पाण्याच्या ओलाव्याने ते सोडवता आलं पाहिजे. माझ्या धंद्यातलं उत्तम सिमेंट तिथेच समोर होतं. मी त्याचा डबा कपाटात टाकला.

या कामात एक गोष्ट शिकलो. जॉक स्कॉटच्या पंखातल्या हंसाच्या पिसांचा रंग पार उडालाय. निळा कुठला, पिवळा कुठला, कळत नाही. पण त्याच्याच शेजारी, गालावरचा चॅटररचा निळा मात्र काल लावल्यासारखा आहे. कारण हंसाचा निळा म्हणजे रंगाऱ्याने लावलेला रंग, उजेडाने उडणारा. चॅटररचा निळा हा रंगच नाही. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश फुटून तो दिसतो. रचना शाबूत, तोवर निळा शाबूत.

एका पिसाची जागा

सहा फ्लाय झाल्या. राहिली जॉक स्कॉट. तिच्या डाव्या बाजूचा रानकोंबडा जागेवर होता. उजव्या बाजूचा कसरीने खाल्लेला. नुसता दांडा.

आजींना ‘पहिल्यासारखी’ हवी होती. माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, विकतचं पीस. ब्रिटनमध्ये राखी रानकोंबडे आज पिंजऱ्यात पैदा केले जातात, खास या पिसांसाठी. कायदेशीर आहे. दोन, आई.

“मामाच्या माळ्यावर अजून असंल एखादं कातडं,” ती म्हणाली. “पुडीत घालून पाठवते की. आपल्याच गावचं लागंल त्याला.”

मी नको म्हणालो. रानकोंबड्याचं पीस असं देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, असं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मामानं विकलं तेव्हा गुन्हा नव्हता व्हय?” कदाचित तेव्हाही होता. पण घेणारा कुणी तिला ते सांगत बसला नव्हता. तिला वाटलं, मी मामाला चोर म्हणतोय. तो कॉल तसाच संपला.

त्या रात्री मला ट्रिंगची आठवण आली. लंडनजवळ ट्रिंगला नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षीसंग्रह आहे. २००९च्या जूनमध्ये एका रात्री लंडनमध्ये शिकणारा विशीतला एक अमेरिकन बासरीवादक तिथे खिडकीतून शिरला आणि २९९ पक्ष्यांची कातडी सुटकेसमध्ये भरून घेऊन गेला. त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले पक्षीही होते. कशासाठी? व्हिक्टोरियन सॅमन फ्लाय अस्सल पिसांनी बांधण्यासाठी, आणि तशा बांधणाऱ्यांना विकण्यासाठी. तो पकडला गेला तोवर कित्येक कातड्यांच्या पायातल्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, ते चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीने उरतं ते रंगीत पीस. कर्क वॉलेस जॉन्सन यांनी या प्रकरणावर ‘द फेदर थीफ’ हे पुस्तक २०१८ साली लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

तो मुलगा मासे पकडत नव्हता. या फ्लाय बांधणारे बरेच जण पकडत नाहीत. त्यांना ती वस्तू अगदी पहिल्यासारखी हवी असते. मी स्वतःला त्याच्या पंगतीत बसवत नाही. पण ‘पहिल्यासारखी’ची ओढ मला त्या महिन्यात चांगलीच कळली. रात्री दोन वाजता मी विकतच्या पिसांची पानं मोबाइलवर चाळत होतो. पांढरा ठिपका जरा मोठा, मधाचा ठिपका जरा फिका, हे नको, ते बघू.

शेवटी डबा आणि भिंग घेऊन मी आजींकडेच गेलो. आधी मोडलेलं कडं दाखवलं. माफी मागितली. त्यांनी ते नखाने लोटून बघितलं आणि म्हणाल्या, “माझ्या नवऱ्यानेही एक मोडलं होतं. आजोबांनी कान पिळला होता.”

मग मी जॉक स्कॉटची रिकामी बाजू दाखवली. तो पक्षी कुठला, ते सांगितलं. मामाबद्दल सांगितलं. मानेला कोंबड्यापेक्षा जास्त पैसे मिळायचे, तेही.

त्या बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आजोबा नावाडी होते. मोठ्या लोकांना नावेतून फिरवायचे. फ्लाय बांधायचे ते त्यांच्यासाठी. यांतल्या एकाही फ्लायने त्यांनी स्वतःसाठी मासा धरला नाही. परवानगी नव्हती.” आणि थोडं थांबून, “म्हणजे दोन्ही टोकांना गरीबच होते.”

मी काही बोललो नाही. आजींनी डबा माझ्याकडे सरकवला. “पीस नको लावूस. पण खाली लिही.”

चौकट

फ्लाय भिंतीवर लावायची पद्धत जुनीच आहे. अमेरिकेत मेरी ऑर्विस मार्बरी या बाईंनी वडिलांच्या कंपनीत फ्लाय बांधणाऱ्या बायकांचं खातं सांभाळलं, १८९२ साली फ्लायच्या इतिहासावर मोठं पुस्तक काढलं आणि पुढच्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फ्लायचे फलक मांडले. ते फलक आज व्हरमाँटच्या मासेमारी संग्रहालयात आहेत. शिकागोच्या त्याच १८९३ सालात, तिथल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंदांचं भाषण झालं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. फ्लायबद्दल कोण सांगणार?

आमची चौकट साधी आहे. मागे आम्लरहित पुठ्ठा. ओकची जुनी सुंदर चौकट आजींच्या घरात होती, पण ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते आणि ती धातूला खाते, म्हणून ती घेतली नाही. फ्लाय चिकटवलेल्या नाहीत. पुठ्ठ्याला सुईने दोन भोकं पाडून गळाच्या वळणाशी बारीक धाग्याने बांधल्या आहेत, सोडवता येतील अशा. काच पिसांना टेकू नये म्हणून आतून पट्ट्यांचं अंतर. काच अतिनील किरण अडवणारी. पिसांसाठी उजेड ५० लक्सच्या वर नसावा असा संग्रहालयांचा दंडक आहे. म्हणजे तुम्ही मोबाइल अंधारात वाचता त्याहून थोडं बरं. वृद्धाश्रमात आजींनी ती खिडकीसमोरच्या नाही, दाराशेजारच्या अंधाऱ्या भिंतीवर लावून घेतली.

सात फ्लाय. एकीचं कडं मोडलेलं, एकीचं एक पीस नसलेलं. खाली आजींनी थरथरत्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. फ्लायचं नाव, बांधणाऱ्याचं नाव, आणि एरवी कधीच नसते ती तिसरी ओळ: पिसं कुठल्या देशातल्या कुठल्या पक्ष्याची. जॉक स्कॉटखालची ओळ सगळ्यात लांब झाली. शेवटी लिहिलंय, ‘राखी रानकोंबडा, पश्चिम व दक्षिण भारत. उजवं पीस नाही.’

मे महिन्यात त्यांना सोडून परत येताना ट्वीडच्या पुलावर गाडी थांबवली. खाली दोघं जण कमरेभर पाण्यात उभे होते. वसंतातला मासा त्यांना लागला तर तो सोडूनच द्यावा लागतो. २०२३च्या डिसेंबरात आययूसीएनने ब्रिटनमधला सॅमन ‘धोक्यात’ या वर्गात टाकला. राखी रानकोंबडा त्याच यादीत ‘काळजीचं कारण नाही’ या वर्गात आहे. डबा बांधला गेला तेव्हा कुणी पैज लावली असती, तर याच्या उलटी लावली असती.

आईला चौकटीचा फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी तिचा कॉल आला. आजींच्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते तिने दोनदा वाचून घेतलं.

“मामाला दाखवला फोटो,” ती म्हणाली. “त्यानं माळ्यावरचं कातडं काढून बघितलं. कसर लागून भुगा झालाय सगळा.”

“मग?”

“मग काय. नेऊन चिंचेखाली पुरलं त्यानं. म्हणाला, आता पहाटे ओरडतो तेवढा पुरे.”